नऊ पिवळे कागद

१

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. जुनी इमारत पोखरून तिच्यात नवी घरं काढताना पाहावी असं मात्र कुणी म्हणत नाही, कारण ते पाहून शहाणा राहिलेला माणूस अजून कुणाला भेटलेला नाही. मोज्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात, अगदी वरच्या मजल्यावर, उंच छताचा लॉफ्ट घेतलेल्या एका माणसाची ही गोष्ट. त्याचं काम कान तपासण्याचं. कुणाला किती ऐकू येतं ते मापायचं, यंत्र बसवून द्यायचं. इमारतीच्या मुकादमानं पहिल्याच भेटीत त्याचं बारसं करून टाकलं होतं, ‘कानवाले साहेब’. आपणही त्याला कानवालाच म्हणू.

दर रविवारी सकाळी दहा वाजता कानवाला साइटवर जाई. फाटकावर डोक्याला हेल्मेट चढवायचं, वहीत सही करायची, आणि लिफ्टच्या जागी असलेल्या काळ्या भोकाला वळसा घालून चार मजले चढायचे. बायको बरोबर नसे. तिला धुळीचं वावडं, दोन शिंका आल्या की दम लागायचा. ती घरी भाड्याच्या दीड खोलीत बसून मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी.

“आधी मार्च म्हणाला, मग जून म्हणाला. आता तर वर्षही सांगत नाही मेला,” ती म्हणायची. “ताईंना काय तोंड दाखवायचं आपण?”

कानवाला मान डोलवायचा. मान डोलवण्यात तो पटाईत झाला होता.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ती वीसची. तिनं टपालखात्यात शिक्के मारत तीस वर्षं काढली, त्याला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, स्वतःचं राहूनच गेलं. लग्नानंतरही तो, बायको आणि ताई ताईच्याच दोन खोल्यांत राहिले. गुडघे गेले तेव्हा ती म्हणाली, “विका या खोल्या, चांगली मोठी जागा घ्या. मला एक खिडकी ठेवा म्हणजे झालं.” तशी खिडकी त्यानं शोधलीसुद्धा. लॉफ्टच्या टोकाला, लांबलचक हॉलच्या शेवटी, बारा बाय दहाची एक खोली होती आणि तिच्या खिडकीत सकाळचं ऊन येत होतं. ताबा मिळेपर्यंत दोनच महिने काढायचे म्हणून ताईला एका शुश्रूषागृहात ठेवलं. त्या दोन महिन्यांचे चौदा झाले होते.

त्यातले पहिले पाच महिने बिल्डरचे. तुळया गंजलेल्या निघाल्या, पाण्याची परवानगी अडकली, लिफ्टवाला पळाला. पुढचे नऊ महिने मात्र कानवाल्याचे स्वतःचे होते, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

साइटवर एक शिस्त होती. घर घेणाऱ्याला कामात काही बदल हवा असेल, तर त्यानं तो पिवळ्या कागदावर लिहून द्यायचा. मुकादम तो कागद त्या खोलीच्या दारावर चिकटवायचा. कागद दारावर आहे तोवर त्या खोलीत कुणी गवंडी, सुतार, रंगारी पाऊल ठेवायचा नाही, सगळी माणसं दुसऱ्या घराकडे जायची आणि तुमचा नंबर रांगेत शेवटी. भांडणं नकोत म्हणून केलेली शिस्त. एका कागदाला हमखास एक महिना लागायचा.

पहिला कागद त्यानं खरोखरच ताईसाठी दिला होता. खिडकीचा कठडा खाली घ्या, तिला पडल्यापडल्या रस्ता दिसेल. महिना गेला. त्या महिन्यात एका संध्याकाळी तो घरी आला, चप्पल काढली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी काही विचारलं नाही. ताई असताना दारात पाय पडला की आतून हाक यायची, “आलास?” मग उशीर का झाला, डबा संपवलास का, पाय धू. चाळीसच्या वर वर्षं. दिवसभर लोकांच्या कानांत आवाज सोडून थकलेल्या माणसाला त्या संध्याकाळी घरातली शांतता इतकी गोड लागली, की त्याला स्वतःची किळस आली. आणि दुसऱ्या रविवारी त्यानं दुसरा कागद दिला. दार रुंद करा, चाकाची खुर्ची आत यायला हवी.

मग फरशी न घसरणारी. मग दिव्यांची बटणं हाताशी. मग दारात एक काच बसवा, ताईला पलंगावरून हॉल दिसायला हवा. सगळे कागद ताईच्या नावानं, ताईच्याच सोयीचे. बायकोला कधीमधी एखादा सांगितला तर ती म्हणायची, “किती करता हो बहिणीसाठी!” हे ऐकून तो ताट सारून उठायचा. तरी तो पुढचा कागद द्यायचाच.

ज्या रविवारपासून गोष्ट सुरू होते त्या रविवारी दारावर आठवा कागद होता. कानवाल्यानं दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थांबला. भिंतीला, कमरेच्या उंचीवर, धरून चालायचा एक लाकडी दांडा बसवलेला होता. पलंगाच्या जागेपासून निघून खिडकीपर्यंत गेलेला. भिंत कच्ची, गिलाव्याला रंग नाही, दांडा मात्र पक्का.

असा दांडा त्यानं कुठल्याच कागदावर लिहिलेला नव्हता.

“हे बरोबर नाही हं साहेब,” मुकादम मागून आला. तो नाराज होता. “कागद लावलेला असताना बाहेरचा सुतार आणायचा नाही. आमची माणसं मग आम्हाला बोलतात.”

“मी नाही आणला.”

“मग काय दांडा जिना चढून आला?” मुकादम हसला आणि खाली निघून गेला.

कानवाल्यानं दांड्यावरून हात फिरवला. नव्या लाकडाला कुसळं असतात, हाताला टोचतात. हा गुळगुळीत होता. वरची कड झिजून गोल झाली होती, जुन्या जिन्यांच्या कठड्यांची होते तशी. कुणीतरी तो वर्षानुवर्षं धरून चाललं होतं.

२

रविवारी दुपारी ताईकडे जायचं, हेही ठरलेलं. शुश्रूषागृहात एका खोलीत तीन खाटा. ताईची भिंतीकडची. खाटेखाली तिची बॅग, दोन महिन्यांच्या हिशेबानं भरलेली आणि अजून तशीच, चेन लावलेली. बाकीचे दोन चेहरे चौदा महिन्यांत चारदा बदलले होते.

ताई कधी विचारत नसे की घर कधी होणार. हेच त्याला सोसत नसे. ती चिडली असती, रडली असती, तर त्याला मुकादमाच्या नावानं दोन खडे फोडता आले असते.

“त्यांना घाई करू नकोस म्हणावं,” ती नेहमीसारखं म्हणाली. “घाईचं काम वाया जातं. जेवलास?”

“जेवलो. तुझे गुडघे कसे आहेत?”

“गुडघ्यांना काय, जागच्या जागी आहेत.” ती हसली. मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, “दांडा बसवलास ते बरं केलंस रे बारक्या. सुरुवातीला हाताला गार लागतो. मग सवय होते.”

कानवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, आणि चुकीचं ऐकणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

“कुठला दांडा, ताई?”

“दाराजवळ मात्र अजून पोचला नाहीये,” ती म्हणाली. “खिडकीपाशीच संपतो. तिथून दारापर्यंत भिंत धरून यावं लागतं.”

बाहेर पडताना त्यानं नर्सबाईंना गाठलं. ताईला इथल्या मोरीकडे न्यायला असा काही दांडा बसवलाय का? नर्सबाईंनी मान हलवली. ताई महिनाभर खाटेवरून उतरलेल्याच नव्हत्या. “दुपारच्या झोपत मात्र नाहीत हल्ली,” त्या म्हणाल्या. “डोळे उघडे. आणि उजवा हात असा हवेत, हळूहळू पुढे सरकवत असतात. हाक मारली की दचकतात. म्हणतात, कशाला परत बोलावलंत, अर्ध्यात होते मी.”

म्हातारपणात असं होतं, म्हणून नर्सबाईंनी त्याची समजूत घातली, आणि त्यानंही ती घालून घेतली.

३

कानवाल्याच्या दवाखान्यात एक खोका होता. माणूस आत बसेल एवढी, आवाजबंद केलेली खोली. आत रुग्णाला बसवायचं, कानांवर टोप्या घालायच्या, हातात बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की दाबा. आवाज बारीक बारीक करत न्यायचा, आणि मध्येच काहीच सोडायचं नाही. नुसती शांतता. गंमत अशी की नेमकं तेव्हाही माणसं बटण दाबतात. खोटं बोलत नाहीत बिचारी, त्यांना खरंच ऐकू येतं. ज्याची वाट पाहतो ते कान ऐकतोच, रिकामं राहणं त्याला जमत नाही. ही गोष्ट त्यानं वीस वर्षांत हजार जणांना समजावून सांगितली होती.

त्या आठवड्यात त्यानं ती स्वतःला समजावली. दांडा आधीच असणार, कारखान्याच्या काळातला. गिलाव्याखाली गेलेला, तोडफोडीत उघडा पडला. म्हणून झिजलेला. आपण दर वेळी अपराध्यासारखे आत शिरतो, खाली मान घालून, मग दिसणार कसा? आणि ताईला आपणच सांगितलं असेल खोलीचं. रोज खोट्यावर खोटं रचणाऱ्याला कुणाला काय सांगितलं ते लक्षात राहत नाही. हिशेब बरोबर बसत होता. मंगळवारपासून त्याला नीट झोपही लागू लागली.

पुढच्या रविवारी तो चार मजले चढून वर गेला. इमारतीत माणसं होती, खालच्या मजल्यावर कुणीतरी फरशी कापत होतं, खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं. हॉलमध्ये त्याच्याच पावलांचे मागच्या आठवड्याचे ठसे धुळीत उमटलेले होते. टोकाला ताईच्या खोलीचं दार बंद. दारातल्या काचेवर मुकादमानं आठवा कागद चिकटवलेला, चारी बाजूंनी डकवून. काच पूर्ण झाकली गेली होती.

त्यानं हॉलच्या मध्यावर पाऊल टाकलं आणि दाराआडून आवाज आला.

“आलास?”

मोठा नाही, हळूही नाही. घरातला माणूस घरातल्या माणसाला विचारतो तसा.

“हो,” कानवाला म्हणाला. चाळीस वर्षांची सवय. शब्द तोंडातून निघून गेला आणि मग त्यानं तो ऐकला.

आत पावलं वाजू लागली. एक पाऊल, थांबणं, मग दुसरं फरफटत. ताईची चाल तो शंभरांत ओळखला असता. पावलं खिडकीकडून निघाली आणि दाराशी येऊन थांबली. मग कागदावर आतून काहीतरी घासल्याचा आवाज झाला, काचेवरून बोट फिरवल्यासारखा. कागद पुसून निघेल असं कुणाला तरी वाटत होतं.

कान रिकामा राहत नाही, त्यानं स्वतःला बजावलं. ज्याची वाट पाहतो ते ऐकतो. पण तो कशाची वाट पाहत होता? तो तर कुणी येऊ नये म्हणून नऊ महिने धडपडत होता.

दार उघडून बघायला हवं होतं. एखाद्या धीराच्या माणसानं बघितलंही असतं. कानवाला उलटपावली जिना उतरला, मुकादमाच्या टेबलावरून पिवळा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. ‘रंगाचा पुन्हा विचार करायचा आहे. तोपर्यंत हे दार कुणी उघडू नये.’ सही केली.

“नववा,” मुकादम म्हणाला. तो कागदाकडे बघत होता, कानवाल्याकडे नाही. “बरं.”

त्या दिवशी दुपारी तो ताईकडे गेलाच नाही. फोन करून सांगितलं, दवाखान्यात काम निघालंय. रविवारी दवाखाना बंद असतो हे ताईला पक्कं माहीत होतं. “येऊ दे सावकाश,” ती म्हणाली.

४

तीन आठवडे तो साइटवर फिरकला नाही. चौथ्या आठवड्यात मुकादमच त्याच्या दवाखान्यात आला. टेबलासमोरच्या खुर्चीवर अवघडून बसला, कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना.

“कान दुखतोय का?” कानवाल्यानं विचारलं.

“कान चांगला आहे साहेब. तेच तर.” त्यानं गळ्यातला पंचा काढून तोंड पुसलं. “बाकी सगळ्या घरांचं काम उरकलं मी. तुमचं एकच राहिलंय. माझी माणसं वर जायला तयार नाहीत. तुमच्या बहिणीला जरा समजावा.”

“माझी बहीण अंथरुणाला खिळलीय, मुकादम.”

“असेल. मी काही बघितलं नाही, मी दार उघडलेलं नाही. कागद आहे ना, मी शिस्तीचा माणूस.” तो खाली बघू लागला. “पण बोलतात त्या. रागावत नाहीत. रंगाऱ्याला म्हणाल्या, बाबा रे, हे कागद काचेवर नका लावू. लावायचे तर खाली लावा. पलीकडचं काही दिसत नाही, तो आला की गेला ते कळत नाही मला.”

कानवाल्याच्या टेबलावर कानाचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. तो त्याचे भाग सुटे करत, पुन्हा जोडत बसला.

“साहेब, एक विचारू? राग मानू नका,” मुकादम म्हणाला. “नऊ कागद आजवर कुणी दिले नाहीत. हावरटातल्या हावरट माणसानं चार दिले. तुम्हाला तिथं राहायला यायचंय ना?”

मुकादमानं जाताना आधीचे कागद परत केले. आठ सुटे. नववा अजून दारावर होता. ते आठ कानवाल्यानं बॅगेत घातले आणि संध्याकाळी घरी गेल्यावर, का कोण जाणे, बॅगेतून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले. लपवायचा कंटाळा आला होता असं म्हणा.

बायकोनं एकेक कागद वाचला. तारखा बघितल्या. त्याला वाटलं आता आकाश कोसळणार.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“तिसऱ्या कागदापासून. साइटच्या ऑफिसात मी फोन केला होता, उशीर का म्हणून भांडायला. तिथल्या पोरीनं सांगितलं, तुमच्याच घरून बदल येतायत.” ती कागदांच्या कडा जुळवत होती. “मी बोलले नाही. म्हटलं, आणखी एक महिना. फक्त एक. सकाळी उठून आपण दोघंच चहा घेतो ना, ते मला सोडवेना. आणि मुकादमाला शिव्या घालत बसले, म्हणजे माझं मन मला काही बोलू नये.”

ती रडली नाही. तोही नाही. दोघांनाही एकमेकांच्या तोंडाकडे बघण्याची लाज वाटत होती. नवराबायकोंनी मिळून केलेली चोरी चोरी वाटत नाही असं म्हणतात. तसं काही नसतं, ती दुप्पट होते.

“उद्याच जा,” ती शेवटी म्हणाली. “काढा तो कागद. रंग कुठलाही चालेल.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो वर चढला. मुकादम जिन्याच्या खालच्याच पायरीवर थांबला. हॉलमध्ये कानवाला मुद्दाम पाय वाजवत चालला. आतून कुणी काही विचारलं नाही. त्यानं नखानं कागदाची कड उचकटली आणि एका ओढीत कागद काढला. काचेवर गोंदाची चौकट राहिली. चौकटीच्या आत काच स्वच्छ होती, फक्त मध्ये, वाकून उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड येईल एवढ्या उंचीवर, श्वासाची वाफ धरलेली होती. तो बघत असतानाच ती कडेकडेनं विरत गेली.

दार ढकलून तो आत गेला. खोली रिकामी. दांडा आता खिडकीला वळसा घालून थेट दारापर्यंत आला होता, सगळा सारखाच झिजलेला.

५

मग कसं कोण जाणे, तीन आठवड्यांत सगळं झालं. रंग लागला, लिफ्ट सुरू झाली, नळाला पाणी आलं. दांडा काढायचा का, असं मुकादमानं विचारलं तेव्हा बायको म्हणाली, राहू द्या, ताईंना उपयोगच होईल. हॉल धुऊन पुसून लख्ख झाला. ताईच्या खोलीत नवा पलंग आला, त्याच्यावर पांढरी चादर अंथरली. त्या तीन आठवड्यांत कुठं काही वाजलं नाही. कानवाला रोज हॉलमध्ये उभा राहून ऐकायचा. काही नाही. त्याला वाटलं, सुटलो. उशिरा का होईना, आपण नीट वागलो.

शनिवारी सकाळी दोघं ताईला आणायला गेले. नर्सबाईंनी तिला धुतलेलं पातळ नेसवून चाकाच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. बॅग मांडीवर. शेजारच्या दोन्ही खाटांवरच्या बायका तिला हात हलवत होत्या. ताई वाटेत फार बोलली नाही. गाडीच्या खिडकीतून बघत राहिली. लिफ्टमध्ये मात्र वर बघून म्हणाली, “बरीच उंच आहे रे,” आणि कानवाल्याला लहान मुलासारखा आनंद झाला.

“ताई, आलं बरं का तुमचं घर,” बायको म्हणाली.

हॉलमधून खुर्ची ढकलत तो टोकाला आला. दाराच्या काचेतून आतला उजेड दिसत होता. त्यानं दार सताड उघडलं. दुसऱ्या कागदानं रुंद करून घेतलेलं दार, खुर्ची आरामात गेली असती. खिडकीतून ऊन पलंगावर पडलं होतं. सगळं सकाळी ठेवलं तसंच होतं. फक्त चादरीच्या कडेला एक खळगा पडला होता. कुणी पाय खाली सोडून बसलं की पडतो तसा.

ताईनं चाकावर हात ठेवून खुर्ची थांबवली.

“बारक्या,” ती म्हणाली, “आत बसलंय रे कुणीतरी.”

“कुणी नाही ताई. तुझीच खोली आहे.”

“माझी होती.” ती आत बघत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती, संकोच होता, दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरताना होतो तसा. “इतके महिने बसलीय बिचारी. मी तिकडं पडून होते ना, तेव्हा तिला आधी पाठवलं. म्हटलं जा, जागा धरून ठेव, मी आलेच. आता मी कोणत्या तोंडानं तिला ऊठ म्हणू?”

“ताई, असं काय बोलता,” बायको पुढं झाली आणि तिथंच थांबली. ती चादरीकडे बघत होती.

“मला परत ने,” ताई म्हणाली. “भिंतीकडची खाट माझी ओळखीची झालीय. त्या दोघी आहेत सोबतीला. खरंच सांगते, रागावून नाही म्हणत. तू कशाला मनाला लावून घेतोस? मी काय तुला ओळखत नाही? सहा वर्षांचा होतास तेव्हापासून नको असलेलं काम उद्यावर टाकतोस.”

कानवाल्याला खुर्ची पुढं ढकलायची होती. नाही ताई, तू इथंच राहायचंस, चुकलो मी, असं म्हणायचं होतं. हे सगळं त्यानं आठवडाभर मनात घोकलं होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी, लाज वाटायच्याही आधी, त्याला हायसं वाटलं. आतून, खोलवर, अगदी खरं. ताई परत जाणार. संध्याकाळी घर शांत असणार.

पलंग करकरला.

चादरीवरचा खळगा हळूहळू भरून वर आला. बायकोनं त्याचा दंड घट्ट धरला, म्हणजे तिलाही दिसत होतं. दांड्यावर, खिडकीच्या उजेडात, चार बोटं दिसली. करंगळी शिक्के मारून मारून वाकडी झालेली. कानवाल्यानं चटकन खुर्चीत पाहिलं. ताईचे दोन्ही हात बॅगेवर होते. बोटं दांड्यावरून थोडी पुढं सरकली, थांबली, पुन्हा सरकली. मागून एक पाय फरफटत आला.

“मी जाते, पण तिला सोडू नकोस हं,” ताई म्हणाली. तिनं स्वतःच खुर्ची वळवली आणि ती लिफ्टकडे तोंड करून बसली. “मला तिथं चार माणसं आहेत. तिला तुझ्याशिवाय कोण आहे?”

दांडा दाराशी संपत होता. त्यापुढं धरायला कानवाल्याचा हात तेवढा होता.